लास्ट ऑफ द मोहिकन्स, द
लास्ट ऑफ द मोहिकन्स, द : जेम्स फेनिमोर कूपर (१५ सप्टेंबर १७८९–१४ सप्टेंबर १८५१) ह्या अमेरिकन कादंबरीकाराची जगप्रसिद्ध ऐतिहासिक कादंबरी. फेब्रुवारी १८२६ मध्ये फिलाडेल्फिया येथे ती दोन खंडांत प्रसिद्ध झाली. ‘१७५७ मधील एक वृत्तान्त’ अशा अर्थाचे उपशीर्षक तिला दिलेले आहे. उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश आणि फ्रेंच वसाहतींच्या दरम्यानचा अरण्यमय सीमाप्रदेश, त्या प्रदेशात दोन यूरोपीय सत्तांमध्ये चाललेले युद्ध आणि ह्या युद्धात दोन्ही बाजूंना ओढले गेलेले अमेरिकन इंडियन ह्यांच्या पार्श्वभूमीवर प्रेम, निष्ठा आणि सूड ह्या तीन प्रेरणांचे नाट्य तीत रंगविलेले आहे. साहसकथा म्हणून ती दीर्घकाळ लोकप्रिय राहिली. तथापि ज्यांच्या अस्ताची शोकगाथा म्हणून ती वाचली गेली, ते मोहिकन लोक प्रत्यक्षात नामशेष झालेले नव्हते. कादंबरीचा भावनिक प्रभाव आणि इतिहासाचे वास्तव ह्यांतील हे अंतर लक्षात घेतल्याखेरीज तिचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

लेखक आणि लेखनाची प्रेरणा : कूपरचा जन्म न्यू जर्सीमधील बर्लिंग्टन येथे झाला, परंतु त्याचे बालपण न्यूयॉर्क राज्यातील ऑट्सेगो सरोवराकाठी, त्याच्या वडिलांनी वसविलेल्या कूपर्सटाउन ह्या गावी गेले. त्याचे वडील विल्यम कूपर हे जमिनींचे मोठे व्यवहार करणारे गृहस्थ असून न्यायाधीश व काँग्रेसचे सदस्यही होते. ज्या भूमीवर त्यांनी वसाहत उभारली, ती पूर्वी इरोक्वाय लोकांची होती. जंगले तोडून गावे वसविली जात असल्याचे दृश्य कूपरने लहानपणीच पाहिले होते. येल येथून काढून टाकण्यात आल्यानंतर त्याने काही काळ व्यापारी जहाजावर आणि नंतर नौदलात काढला. त्याची पहिली कादंबरी १८२० मध्ये प्रसिद्ध झाली. द स्पाय (१८२१) आणि द पायोनिअर्स (१८२३) ह्या कादंबऱ्यांनी त्याला कीर्ती मिळवून दिली आणि ‘अमेरिकेचा वॉल्टर स्कॉट’ असे त्याला म्हटले जाऊ लागले.

१८२४ मध्ये काही तरुण इंग्रज पाहुण्यांसमवेत कूपर हा जॉर्ज सरोवर आणि हडसन नदीवरील ग्लेन्स फॉल्स हा धबधबा पाहावयास गेला होता. पुढे ग्रेट ब्रिटनचा पंतप्रधान झालेला एडवर्ड स्टॅन्ली हा त्या पाहुण्यांपैकी एक होता. धबधब्याच्या खडकांतील गुहा पाहत असताना हे स्थळ एखाद्या अद्‍भुतरम्य कथेला साजेसे आहे, असा विषय निघाला आणि त्यातून ह्या कादंबरीची कल्पना आकारास आली. कादंबरीच्या पूर्वार्धातील एक महत्त्वाचा प्रसंग ह्याच गुहांत घडतो. अमेरिकन इंडियनांविषयीची माहिती मात्र कूपरने मुख्यतः ग्रंथांवरून घेतली. त्यांत जॉन हेकेवेल्डर ह्या मोरेव्हियन धर्मोपदेशकाने १८१९ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ प्रमुख होय. हेकेवेल्डर डेलावेअर लोकांत राहिलेला होता. साहजिकच त्याच्या लेखनात डेलावेअरांविषयी आपुलकी आणि त्यांचे प्रतिस्पर्धी असलेल्या इरोक्वायांविषयी प्रतिकूल ग्रह आढळतो. हाच पक्षपात कूपरच्या कादंबरीत उदार डेलावेअर आणि दुष्ट ‘मिंगो’ अशा ढोबळ विभागणीच्या रूपाने उतरला आहे.

‘लेदरस्टॉकिंग टेल्स’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच कादंबऱ्यांपैकी ही एक. नॅटी बम्पो ऊर्फ हॉकआय हा अरण्यात वाढलेला गोरा शिकारी आणि त्याचा मोहिकन मित्र चिंगॅचगुक हे ह्या मालिकेला जोडणारे दुवे होत. मालिकेतील द प्रेअरी ही कादंबरी १८२७ मध्ये, द पाथफाइंडर १८४० मध्ये आणि द डिअरस्लेअर १८४१ मध्ये प्रसिद्ध झाली. द पायोनिअर्समध्ये चिंगॅचगुक हा वृद्ध, एकाकी आणि मद्याच्या आहारी गेलेला दिसतो व तीतच त्याचा मृत्यू होतो. म्हणजे १८२६ च्या वाचकाला ह्या योद्ध्याचा शेवट कसा झाला, हे आधीच ठाऊक होते. पुढील कादंबरीत त्याच्या पराक्रमाचे दिवस वाचताना त्या शेवटाची छाया वाचकाच्या मनावर पडलेलीच होती.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : इंग्लंड आणि फ्रान्स ह्यांच्या उत्तर अमेरिकेतील वसाहतींमध्ये १७५४ साली युद्ध पेटले. यूरोपात १७५६ पासून सुरू झालेल्या सप्तवार्षिक युद्धाचा तो एक भाग ठरला आणि १७६३ च्या पॅरिसच्या तहाने त्याचा शेवट झाला. ह्याच संघर्षाची एक आघाडी भारतात होती. मार्च १७५७ मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांचे चंद्रनगर घेतले व २३ जून रोजी प्लासीची लढाई झाली. प्लासीनंतर सुमारे सहा आठवड्यांनी, जगाच्या दुसऱ्या टोकाला, ज्या वेढ्याभोवती ही कादंबरी गुंफलेली आहे तो वेढा पडला.

विल्यम हेन्री हा किल्ला ब्रिटिशांनी १७५५ मध्ये जॉर्ज सरोवराच्या दक्षिण टोकाशी बांधला. तेथून सुमारे २५ किमी. अंतरावर, हडसन नदीकाठी, एडवर्ड हा दुसरा किल्ला होता. विल्यम हेन्रीचा किल्लेदार कर्नल जॉर्ज मन्रो ह्याच्याजवळ अडीच हजारांच्या आत लोक होते. फ्रेंच सेनापती माँकाल्म हा सुमारे ८,००० लोकांनिशी चालून आला. ह्या सैन्यात तीसहून अधिक जमातींचे सुमारे १,८०० इंडियन योद्धे होते; त्यांपैकी काही ग्रेट लेक्सच्या पलीकडून आलेले होते. ३ ऑगस्ट १७५७ रोजी वेढा सुरू झाला. मन्रोने एडवर्ड किल्ल्यातील जनरल वेब ह्याच्याकडे वारंवार कुमक मागितली. वेबने कुमक पाठविली नाही. उलट शक्य त्या चांगल्या अटींवर शरण जावे, अशा आशयाचे पत्र धाडले. पत्र नेणारा जासूद वाटेत मारला गेला आणि ते पत्र माँकाल्मच्या हाती पडले. त्याने ते मन्रोला पोहोचते केले. ९ ऑगस्ट रोजी मन्रो शरण गेला.

शरणागतीच्या अटी यूरोपीय लष्करी संकेतांना धरून आणि उदार होत्या. किल्ल्यातील सैनिकांनी आपल्या बंदुका बाळगून, परंतु दारूगोळ्यावाचून, फ्रेंच पहाऱ्यात एडवर्ड किल्ल्याकडे जावे आणि अठरा महिने फ्रेंचांविरुद्ध लढू नये, असे ठरले. इंडियन योद्ध्यांना मात्र वेतन नव्हते. लूट, कैदी आणि शौर्याची चिन्हे हाच त्यांच्या दृष्टीने मोहिमेचा मोबदला होता आणि तो मिळेल ह्या अपेक्षेने ते शेकडो किमी.चा प्रवास करून आले होते. त्यांच्या संमतीवाचून झालेल्या तहाने तोच मोबदला त्यांच्या हातून काढून घेतला. १० ऑगस्टच्या सकाळी किल्ल्यातून निघालेल्या सैनिक, स्त्रिया, मुले आणि नोकरचाकर ह्यांच्या रांगेवर योद्ध्यांनी हल्ला केला. अनेक लोक मारले गेले आणि शेकडो कैदी म्हणून नेले गेले. त्या कैद्यांपैकी पुष्कळांना माँट्रिऑल येथे फ्रेंच शासनाने मोबदला देऊन सोडविले. किल्ल्यातील देवीच्या साथीचा संसर्ग योद्ध्यांनाही झाला आणि ते परतल्यावर त्यांच्या गावांत ही साथ पसरली. कर्नल मन्रो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑल्बनी येथे मरण पावला.

कथानक : एडवर्ड किल्ल्यातून कर्नल मन्रोच्या दोन मुली, कोरा आणि ॲलिस, आपल्या पित्याला भेटण्यासाठी विल्यम हेन्रीकडे निघतात. मेजर डंकन हेवर्ड हा त्यांच्या सोबतीला असून मागुआ नावाचा ह्यूरन इंडियन वाट दाखवीत असतो. डेव्हिड गॅमट हा भोळा स्तोत्रगायकही त्यांना येऊन मिळतो. मागुआ मुद्दाम त्यांना आडवाटेला नेतो. अरण्यात त्यांची गाठ हॉकआय, चिंगॅचगुक आणि चिंगॅचगुकचा तरुण पुत्र अंकस ह्यांच्याशी पडते. हॉकआय मागुआचा कावा ओळखतो. परंतु मागुआ निसटतो. ही मंडळी धबधब्याजवळच्या गुहांत आश्रय घेतात. बंदुकीची दारू संपल्यावर, कोराच्याच आग्रहावरून, हॉकआय आणि दोघे मोहिकन मदत आणण्यासाठी नदीतून निघून जातात आणि मागे राहिलेले ह्यूरनांच्या हाती सापडतात. कोरा आपली पत्नी होण्यास कबूल झाली तर ॲलिसला सोडू, असा प्रस्ताव मागुआ मांडतो. कोरा तो नाकारते. ऐन वेळी हॉकआय आणि त्याचे सोबती येऊन सर्वांची सुटका करतात आणि फ्रेंच वेढ्यातून, धुक्याच्या आडोशाने, सर्वजण किल्ल्यात पोहोचतात.

त्यानंतर वेबचे पत्र, शरणागती आणि कत्तल हे प्रसंग इतिहासाच्या क्रमाने येतात. कत्तलीच्या गोंधळात मागुआ ॲलिसला उचलून नेतो आणि बहिणीला सोडावयाचे नाही म्हणून कोरा त्याच्या मागे जाते. गॅमटही त्यांच्या पाठोपाठ जातो. उत्तरार्ध हा ह्या कैद्यांच्या शोधाचा आहे. ह्यूरनांच्या वस्तीत हेवर्ड वैदूच्या वेषात शिरतो, हॉकआय अस्वलाचे कातडे पांघरतो आणि पकडल्या गेलेल्या अंकसला सोडविण्यासाठी गॅमट त्याच्या जागी बसून राहतो. ॲलिसची सुटका होते. पण कोराला मागुआने जवळच्या डेलावेअरांच्या स्वाधीन केलेले असते. शंभरी उलटलेला टॅमेनंड हा डेलावेअरांचा ज्ञानवृद्ध प्रमुख न्यायनिवाड्यास बसतो. अंकसच्या छातीवर गोंदलेल्या कासवाच्या चिन्हावरून तो प्राचीन प्रमुखांच्या कुळातील असल्याचे उघड होते. मात्र कोरा ही मागुआची कैदी असल्यामुळे जमातीच्या रिवाजाप्रमाणे तिला त्याच्या हवाली करावे लागते. अतिथिधर्माची मुदत संपताच अंकस पाठलाग सुरू करतो. शेवटच्या चकमकीत एक ह्यूरन कोराला भोसकतो, मागुआ अंकसला ठार करतो आणि कड्याला लोंबकळत असलेल्या मागुआला हॉकआय गोळी घालतो. कोरा आणि अंकस ह्यांच्या अंत्यविधीने कादंबरी संपते.

प्रेम : कादंबरीतील प्रेमाची तीन रूपे परस्परांच्या प्रकाशात पाहावयास हवीत. हेवर्ड आणि ॲलिस ह्यांचे प्रेम सर्वांना मान्य होणारे आहे आणि त्याची परिणती विवाहात होते. अंकसला कोराविषयी वाटणारी ओढ शब्दांतून जवळजवळ व्यक्तच होत नाही. त्याची काळजी, त्याची नजर आणि संकटसमयी त्याने केलेली धाव ह्यांतूनच ती वाचकाला कळते. मागुआची मागणी ही प्रेमाची नव्हे, तर सुडाची आहे. कर्नलची मुलगी आपल्या झोपडीत पाणी भरीत आहे, शेत खणीत आहे, हे त्या पित्याला कळावे आणि आयुष्यभर सलत राहावे, असा त्याचा हेतू असतो.

ह्या तिन्ही नात्यांचा निकाल अखेर रक्ताच्या प्रश्नाशी येऊन पोहोचतो. कर्नल मन्रो हेवर्डला सांगतो, की कोराची आई वेस्ट इंडीजमधील असून तिच्या पूर्वजांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. ॲलिस ही त्याच्या स्कॉटिश पत्नीची मुलगी. हेवर्ड ॲलिसची निवड करतो ती ह्याच कारणाने की काय, असा संशय येऊन वृद्ध सैनिक संतापतो. हेवर्ड आरोप नाकारतो. परंतु तसा पूर्वग्रह आपल्या मनात खोल रुजलेला आहे, ह्याची जाणीव त्याला असते. कूपरने हे मोकळेपणाने लिहिले, ही त्या काळाच्या मानाने धीट गोष्ट होय. तथापि कोरा आणि अंकस ह्यांना एकत्र आणण्याचे धैर्य त्याने दाखविले नाही. दोघांनाही मृत्यू देऊन त्याने हा प्रश्न मिटविला. अंत्यविधीच्या वेळी डेलावेअर तरुणी आपल्या गीतांतून हे दोघे परलोकात एकत्र येतील, असे सूचित करतात. त्यांची भाषा जाणणारा हॉकआय मान हलवून ही कल्पना नाकारतो आणि गोऱ्या श्रोत्यांना तिचा अर्थ सांगत नाही. शोकाकुल पिता जेव्हा ईश्वरापुढे वर्णभेद नाहीसा होईल असे त्या तरुणींना सांगावयास विनवितो, तेव्हा तेही भाषांतर करण्यास तो तयार होत नाही. दोन्ही समाजांतील सांत्वनाचे शब्द ज्या एकमेव माणसाला कळतात, तोच ते एकमेकांपर्यंत पोहोचू देत नाही. सीमाप्रदेशातील माणसांच्या परस्परसंबंधांची मर्यादा ह्या एका प्रसंगातून जितकी स्पष्ट होते, तितकी युद्धाच्या वर्णनांतून होत नाही.

निष्ठा : सीमाप्रदेशातील युद्धात निष्ठा एकपदरी राहू शकत नाही, हे कूपरने जाणले होते. मन्रो राजाची चाकरी इमानाने करतो आणि त्याचाच वरिष्ठ त्याला वाऱ्यावर सोडतो. हॉकआय हा इंग्रजांच्या बाजूने लढतो; परंतु त्याची खरी बांधिलकी दोन मोहिकन मित्रांशी असते. आपल्या रक्तात भेसळ नाही, असे तो पुनःपुन्हा बजावतो. आणि तरीही त्याचे सारे आयुष्य गोऱ्या समाजाबाहेर गेलेले असते. डेलावेअर हे नावाला फ्रेंचांच्या बाजूचे, पण युद्धात फारसे न उतरलेले. हास्यास्पद वाटणारा गॅमट अंकसच्या जागी बसतो, तेव्हा निष्ठेची सर्वांत शांत कृती त्याच्या हातून घडते.

निष्ठेचा सर्वांत अवघड कस अंकसच्या वाट्याला येतो. ज्या क्षणी त्याला आपल्या पूर्वजांचे पद परत मिळते, त्याच क्षणी त्या पदाचा धर्म त्याला कोराला अडविण्यापासून रोखतो. मागुआ हा पाहुणा म्हणून आला आहे आणि कैदी त्याची आहे. हा रिवाज मोडणारा प्रमुख प्रमुख राहूच शकत नाही. अंकस रिवाज पाळतो आणि त्यामुळेच कोराला गमावतो. इंडियनांना केवळ भावनेच्या भरात वागणारे मानण्याच्या त्या काळात, न्यायाची आणि शब्दाची बूज राखणारी त्यांची सभा कूपरने उभी केली, हे उल्लेखनीय होय.

सूड : मागुआ हा कादंबरीतील खलपुरुष, तथापि त्याच्याच तोंडी तिच्यातील सर्वांत समर्थ युक्तिवाद येतात. त्याच्या वक्तृत्वामुळे आणि बंडखोर गर्वामुळे काही समीक्षकांनी त्याची तुलना मिल्टनच्या सैतानाशी केली आहे. त्याची हकीकत अशी : तो आपल्या लोकांत एक प्रमुख होता; गोऱ्यांनी त्याला मद्याची चटक लावली; नशेतील वर्तनामुळे त्याच्याच जमातीने त्याला हाकलून दिले; पुढे तो पूर्वीच्या शत्रूंबरोबर राहून इंग्रजांसाठी लढला आणि मद्यपानाच्या अपराधाबद्दल मन्रोने त्याला सर्वांदेखत चाबकाचे फटके मारविले. लढाईतील जखमांचे व्रण तो अभिमानाने दाखवितो. पाठीवरचे वळ मात्र त्याला झाकावे लागतात. ज्यांनी मद्य दिले, त्यांनीच मद्यपानाबद्दल शिक्षा द्यावी, हा न्याय कोणता, असा त्याचा प्रश्न असतो. कोरालाही त्यावर समाधानकारक उत्तर देता येत नाही आणि कादंबरीही ते देत नाही. मागुआच्या क्रौर्यामुळे वाचकाची सहानुभूती ओसरते. परंतु त्याचा प्रश्न तेवढ्याने निकालात निघत नाही. मद्य, व्यापार आणि परकीय शिस्त ह्यांनी सीमाप्रदेशातील समाज आतून कसे पोखरले गेले, ह्याचे ते एका व्यक्तीच्या रूपातील चित्र आहे.

इतिहास आणि कल्पित : मन्रो, वेब आणि माँकाल्म ह्या ऐतिहासिक व्यक्ती होत, मन्रोच्या दोन मुली आणि कादंबरीतील इतर प्रमुख पात्रे मात्र कल्पित आहेत. ‘अंकस’ हे नाव कूपरने इतिहासातून घेतले. ह्या नावाचा प्रमुख सतराव्या शतकात कनेक्टिकटमधील मोहेगन लोकांत होऊन गेला आणि १६३७ च्या पीक्वॉट युद्धात तो इंग्रजांच्या बाजूने लढला. कनेक्टिकटमधील मोहेगन आणि हडसन नदीच्या खोऱ्यातील मोहिकन ह्या दोन वेगळ्या जमाती होत्या. नावांच्या साधर्म्यामुळे कादंबरीत त्यांची सरमिसळ झाली आहे.

कत्तलीच्या बाबतीत कादंबरीने घडविलेली समजूत अधिक टिकाऊ ठरली. मृतांची संख्या पाचशे ते पंधराशे अशी सांगितली जाते, असे कूपरने तळटीपेत नोंदविले आहे. इयान स्टील ह्या इतिहासकाराने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिकित्सक अभ्यासात सैन्याच्या नोंदी पडताळून हा आकडा ६९ ते १८४ च्या दरम्यान असावा, असा निष्कर्ष काढला. आकड्यापेक्षाही कारणमीमांसेतील फरक महत्त्वाचा आहे. कादंबरीत मागुआच्या आरोळीने कत्तलीला तोंड फुटते आणि तिचे मूळ रानटी रक्ततृष्णेत असल्याचे वाचकाच्या मनावर ठसते. प्रत्यक्षात युद्धाविषयीच्या दोन भिन्न संकेतांमधील तो संघर्ष होता. पराभूत सेनेला सन्मानाने जाऊ देणे हा एका पक्षाच्या दृष्टीने शिष्टाचार होता. दुसऱ्या पक्षाच्या दृष्टीने तोच वचनभंग होता. मित्रांना विश्वासात न घेता तह करणाऱ्या सेनापतीकडे ह्या अनर्थाची मोठी जबाबदारी जाते. कूपरनेही माँकाल्मच्या निष्क्रियतेवर स्पष्ट ठपका ठेवला आहे. परंतु कथेच्या ओघात तो मागे पडतो आणि मागुआची आरोळीच स्मरणात राहते. ह्या घटनेचे पडसाद युद्धातही उमटले. १७६० मध्ये माँट्रिऑल शरण आले, तेव्हा फ्रेंचांच्या इंडियन मित्रांनी केलेल्या अत्याचारांचा हवाला देऊन ब्रिटिश सेनापती ॲमहर्स्टने फ्रेंच सैन्याला लष्करी सन्मान नाकारले.

‘अखेरचा’ मोहिकन : शीर्षकातील ‘अखेरचा’ हा शब्द कादंबरीच्या आशयाचा गाभा आहे. अंकसच्या मृत्यूने एका प्राचीन वंशाचा दिवा विझतो आणि चिंगॅचगुक मागे उरतो. हॉकआय मित्राचा हात हातात घेतो. टॅमेनंड आपल्या लोकांचा दिवस मावळल्याचे सांगतो. शोकाचा हा स्वर अतिशय परिणामकारक आहे. मात्र ज्या काळात तो वाचकांच्या कानी पडला, तो काळ विसरता येत नाही. चारच वर्षांनी, १८३० मध्ये, अमेरिकेच्या काँग्रेसने इंडियनांच्या स्थलांतराचा कायदा संमत केला आणि मिसिसिपीच्या पूर्वेकडील जमातींना पश्चिमेकडे हलविण्याचे धोरण अधिकृत झाले. इंडियनांचा ऱ्हास हा निसर्गनियमाप्रमाणे अटळ आहे, असे एकदा मानले, की धोरण ठरविणाऱ्यांची जबाबदारी उरत नाही. उरते ती केवळ हळहळ. कूपरचा हेतू तसा नसेलही. परंतु त्याच्या शोकगाथेने ह्या समजुतीला बळ मिळाले, हे नाकारता येत नाही.

प्रत्यक्षात मोहिकन लोकांचा मोठा गट अठराव्या शतकात मॅसॅचूसेट्समधील स्टॉकब्रिज येथे स्थिरावला होता. सप्तवार्षिक युद्धात त्यांच्यातील योद्धे ब्रिटिशांच्या बाजूने, तर स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकनांच्या बाजूने लढले. तरीही त्यांची जमीन त्यांच्याकडे राहिली नाही. १७८० नंतर ते न्यूयॉर्क राज्यात आले आणि १८२२ पासून त्यांचे विस्कॉन्सिनकडे स्थलांतर सुरू झाले. म्हणजे कादंबरी प्रसिद्ध झाली त्या सुमारास, कूपरच्याच राज्यातून, जिवंत मोहिकन कुटुंबे पश्चिमेची वाट चालत होती. त्यांचा एक नेता हेंड्रिक ऑपॉमट (१७५७–१८३०) हा कादंबरीतील कथा घडते त्याच वर्षी जन्मलेला. त्याने स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतला, आपल्या लोकांचा इतिहास स्वतः लिहिला आणि विस्कॉन्सिनमध्ये देह ठेवला. मोहिकनांचे वंशज स्टॉकब्रिज-मन्सी ह्या नावाने आजही विस्कॉन्सिनमध्ये राहतात. कनेक्टिकटमधील मोहेगन जमातीला १९९४ मध्ये अमेरिकेच्या केंद्रशासनाची मान्यता मिळाली.

ह्या संदर्भात कूपरच्याच पुढील कादंबरीतील एक तपशील बोलका आहे. द प्रेअरीमध्ये हेवर्ड आणि ॲलिस ह्यांचा नातू येतो. त्याचे नाव डंकन अंकस मिडलटन असे आहे. अंकसचा वंश खुंटतो. त्याचे नाव मात्र एका गोऱ्या कुटुंबात स्मृतिचिन्ह म्हणून चालत राहते. भूमी आणि नाव ह्या दोहोंचा वारसा कोणाकडे गेला, हे ह्यावरून सहज ध्यानात येते.

प्रभाव आणि समीक्षा : प्रसिद्धीनंतर लवकरच ही कादंबरी यूरोपात लोकप्रिय झाली. टॉमस कोल ह्या चित्रकाराने १८२७ मध्ये टॅमेनंडच्या पायाशी कोरा गुडघे टेकून बसल्याच्या प्रसंगावर चित्रे रंगविली. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक हा कूपरचा चाहता होता. कूपरचे इंडियन अरण्यातील नसून हेकेवेल्डरच्या ग्रंथातील आहेत, अशी टीका सीमाप्रदेशाचा अनुभव असलेल्या लूइस कॅस ह्याने त्या काळीच केली. १८९५ मध्ये मार्क ट्वेनने कूपरची शैली, संवाद आणि अशक्य कोटीतील योगायोग ह्यांची एका निबंधात यथेच्छ थट्टा केली. कूपरची लांबलचक वाक्ये, स्त्रीपात्रांचा कृत्रिमपणा आणि वेषांतरांची रेलचेल पाहता ही थट्टा अगदीच निराधार म्हणता येत नाही. डी. एच्. लॉरेन्स ह्याने १९२३ मध्ये मात्र हॉकआय आणि चिंगॅचगुक ह्यांच्या मैत्रीत अमेरिकन मनाने पाहिलेले एक गूढ स्वप्न शोधले. समाजाबाहेर, निसर्गात वावरणारा एकाकी नायक ही पुढील अमेरिकन कथावाङ्‌मयातील आणि चित्रपटांतील प्रतिमा बव्हंशी नॅटी बम्पोपासून निघाली, हे बहुतेक समीक्षक मान्य करतात. [⟶ अमेरिकन साहित्य].

कादंबरीवर १९२०, १९३६ आणि १९९२ साली उल्लेखनीय चित्रपट निघाले. मायकेल मान ह्याच्या १९९२ मधील चित्रपटात हॉकआय आणि कोरा ह्यांचे प्रेम केंद्रस्थानी आणले असून कोराच्या आफ्रिकी पूर्वजांचा उल्लेख गाळला आहे. मागुआला चिंगॅचगुक मारतो. कूपरने जो प्रश्न मांडून मृत्यूने मिटविला, तो प्रश्नच नव्या रूपांतराने वगळला. विल्यम हेन्री किल्ल्याची प्रतिकृती जॉर्ज सरोवराकाठी १९५० नंतरच्या दशकात उभारण्यात आली. तेथे येणारे बहुसंख्य प्रवासी इतिहासाइतकीच कूपरची कथाही मनात घेऊन येतात.

कलाकृती म्हणून ह्या कादंबरीचे सामर्थ्य तिच्या अरण्यवर्णनांत, पाठलागाच्या वेगात आणि अंत्यविधीच्या गंभीर दृश्यात आहे. परक्या भूमीवर हक्क सांगणाऱ्या दोन सत्तांच्या युद्धात त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचे प्रेम, निष्ठा आणि सूड ही सारीच पणाला लागतात, हे तिने प्रथमच इतक्या ताकदीने दाखविले. त्यांच्या दुःखाला तिने भव्यता दिली. त्यांच्या भवितव्याला मात्र जागा ठेवली नाही. ती जागा मोहिकनांनी स्वतः टिकून राहून मिळविली. कादंबरी वाचताना ह्या दोन्ही गोष्टींची जाणीव ठेवणे, हाच तिच्या वाचनाचा योग्य मार्ग होय.